वामन, तुझी मागून ढकलणारी गाडी

"रेस देऊ नको बे वामन, पोटावर बसली, रेस देऊ नको!"

असा मी नाल्याच्या मधोमध उभा राहून बोंबलत होतो, आणि काठावर जमलेला अर्धा अहेरीचा बाजार माझ्याहून मोठ्यानं बोंबलत होता की दे, अजून दे, निघते. तू कोणाचं ऐकलं ते मला आजपर्यंत कळलं नाही. गाडीची मागची दोन्ही चाकं जागच्या जागी भणभण फिरत होती आणि गढूळ पाण्याचा फवारा मागे उडत होता. हा फवारा मी नंतर पुष्कळ वाढवला. राजुऱ्याच्या चहाटपरीवर तो पळसाच्या शेंड्यापर्यंत गेला. बल्लारपूरला स्टेशनसमोर सांगताना तो त्याच्याही वर गेला आणि झाडावर बसलेलं एक माकड न्हाऊनधुऊन खाली उतरलं. माकड नव्हतं, वामन. तुला माहीतच होतं. तू बाजूच्या बाकड्यावर बसलेला असायचा, आणि मी माकडाशी आलो की तू कपात बघून हसायचा.

तुला जाऊन आज सहा दिवस झाले. मी लिहायला बसलो आहे, कारण तोंडानं सांगायला लागलो की माकड आपोआप येतं. चार दिवस लोक येऊन बसतात, म्हणतात, संपतभाऊ, वामनची काही तरी आठवण सांगा. मी तोंड उघडतो आणि तू आठ फुटांचा होतो. परवा एकाला मी सांगून बसलो की वामन नुसत्या वासावरून सांगायचा, ट्रक कोणत्या खाणीतून आला. तो माणूस रडला. मला लाज वाटली, पण थांबता आलं नाही. तर आज कागदावर. कागदावर माझं खोटं बोलणं जरा अडखळतं.

तुझा जन्म कधीचा, शिक्षण किती, हे ज्याला पाहिजे त्यानं दुसरीकडे विचारावं. बल्लारपूरच्या लाकूड डेपोच्या मागच्या वस्तीत आपण दोघं वाढलो, एवढं पुरे. तुझा बाप सागवानाचे ओंडके खांद्यावर उचलायचा. तू पंधराव्या वर्षी ट्रकखाली शिरला तो पस्तिशीपर्यंत खालीच राहिला. मी सायकल रिक्षावर भोंगा बांधून गावोगाव सिनेमाची हाळी देत फिरलो. तुझ्या हाताला काम होतं, माझ्या तोंडाला. व्हिडिओ आला आणि माझा भोंगा थंडावला, तेव्हा तूच गॅरेजवर येऊन बस म्हणाला. काय करू, विचारलं, तर म्हणाला, "काई नको करू. गिऱ्हाईक थांबलं पाह्यजे. तू बोलत राह्य."

आणि मग ती गाडी आली.

विलायतेहून जहाजानं उतरलेली, नागपूरच्या एका कंपनीनं मागवलेली, चार दारांची, लांब नाकाची, पिकल्या जांभळाच्या रंगाची. चालू केली तर वाटायचं, बंदच आहे. पायाखालचं दाबलं तर पाठ सीटमध्ये रुतायची. मी तेव्हाच सांगायला सुरुवात केली होती की ताडोब्याच्या रस्त्यावर एक वाघ तिच्या मागे धावला आणि अर्ध्या मैलावर लाजून परत गेला. पण तुला वाघात रस नव्हता. तू पहिल्या दिवशी, नवे कपडे घातलेले असून, तिच्याखाली शिरला आणि अर्धा तास बाहेर आला नाही. बाहेर आला तो सासरहून पहिल्यांदा माहेरी आलेल्या पोरीसारखा. बोलायलाच तयार नाही. मग म्हणाला, "संपत, ही मांगून ढकलते बे. काय सुंदर ढकलते."

आपलं जुनं भांडण तिथून परत पेटलं. त्या वर्षी दिल्लीकडची ती नवी छोटी गाडी चंद्रपूरच्या रस्त्यावर नुकती दिसायला लागली होती. तिची पुढची चाकं तिला ओढायची. मी म्हणायचो, हेच बरोबर आहे. बैल पुढे असतो, इंजिन पुढे असतं, नवरदेव वरातीत पुढे असतो. तू चिडायचा. जमिनीवर खडूनं गाडी काढायचा. पुढची चाकं वळायला, मागची ढकलायला, दोघांना आपापलं काम. जोर दिला की गाडीचं वजन मागे येतं, म्हणून मागची चाकं जमीन धरतात. चढावर बघ, ओढणारी गाडी कशी पाय घासते. मी म्हणायचो, चिखलात बघू. तू म्हणायचा, चिखलात डिक्कीत वजन टाकायचं, संपलं. गॅरेजच्या फरशीवर तुझ्या खडूच्या इतक्या गाड्या झाल्या होत्या की खऱ्या गाडीला उभं राहायला जागा उरत नव्हती. हे थोडं वाढवून सांगतो आहे. पण थोडंच.

कंपनीचा साहेब आला होता त्या दिवशी मी हजर होतो. बारीक माणूस, गळ्यात टाय, आपल्या उन्हात वितळत चाललेला. त्यानं सरळच सांगितलं. चंद्रपूर आणि गडचिरोली हे जंगलाचे जिल्हे, इथे ही गाडी घेणारा कोण? कंपनीचा विचार होता, दोन्ही जिल्हे नागपूरच्या एजंटाला जोडून टाकायचे. पण तू सारखी पत्रं लिहून डोकं खाल्लं होतं, म्हणून ही एक गाडी आठ दिवसांसाठी तुझ्या ताब्यात. तू ती फिरव, दाखव, बाजारात उतरव. जंगलाच्या बाजूनं एक पक्कं गिऱ्हाईक आण. एक. आलं तर एजन्सी वामनच्या नावानं, बोर्ड लागेल. नाही तर नाही. शिवाय कंपनीला पूर्ण वेळचा माणूस पाहिजे होता, तेव्हा गॅरेज तू आधीच तुझ्या साळ्याच्या, वहिनींच्या भावाच्या, हवाली करून मोकळा झालेला.

मी तुला म्हटलं, येड्या, गॅरेज कशाला सोडलं, हातचं होतं. तू हात पुसत बसला होता. त्या हातांचं काळं कधी निघालं नाही, शेवटपर्यंत. म्हणाला, "पोरीच्या शाळेत कागद भरून मांगतात. बाप काय करते. मास्तरनं तिच्यादेखत लिवलं, गाडीखाली काम करते. खाली, म्हणे. संपत, मले एकडाव टेबलाच्या मांगं बसाचं हाये. बस. गाडी वर, मी वर."

यावर मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक वाघाचं काही तरी बोललो असेन.

मग आपण निघालो. तू चालवणार, मी बोलणार. राजुऱ्याला कोळशाच्या एका ठेकेदारानं गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, माणसं किती बसतात. तू म्हणाला पाच. मी म्हणालो, बसवणाऱ्यावर आहे. त्यानं घरातली अकरा बसवून बघितली, बारावी त्याची आई होती, तिनं नकार दिला. वर कॅरिअर बसतं का, असं विचारलं त्यानं, तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिथून गडचांदूरला. सिमेंटच्या कारखान्यातला मोठा अधिकारी मागच्या सीटवर बसला, डोळे मिटून गाणी ऐकली, उतरला आणि बाही झटकत म्हणाला, गाडी चांगली आहे, पण इथे संध्याकाळपर्यंत सगळ्याच गाड्यांचा रंग एकच होतो. बरोबर होतं त्याचं. आपण राजुऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत जांभळावर पीठ पडलं होतं. तू वाटेत दोनदा थांबून तिला पुसलं.

सहा दिवस असे गेले. सातव्या दिवशी अहेरी.

अहेरीला जाताना आष्टीच्या पुढे तू जे सांगितलं, ते मला शब्दन् शब्द आठवतं. "राजन्नाशेठले सगळं सांग. वाघ सांग, विमान सांग. फक्त पाण्याचं नको सांगू. ही रोडची गाडी हाये. जमिनीले चिकटून चालते. नाल्याचं नाव बी नको काढू." मी म्हटलं, माझ्या तोंडाला कुलूप. तू म्हणाला, "कुलूप नको बे. फक्त पाणी नको."

राजन्नाशेठ म्हणजे तेंदूपत्त्याचा आणि लाकडाचा ठेकेदार, दारात चार जीपा, बोलता बोलता तेलुगूत शिरणारा, हसला की सोन्याचा दात दिसणारा. त्या दिवशी तो बऱ्याच वेळा दिसला. त्याला गाडी आवडली होती, वामन. मी हे वाढवून सांगत नाही. तो मागच्या सीटवर बसला तो उतरेचना. चहा आत मागवला, पान आत मागवलं. काच खालीवर करण्याचं बटन त्यानं इतक्या वेळा दाबलं की तू हळूच माझ्याकडे बघितलं. बाजाराचा दिवस होता, लोक मोहाच्या टोपल्या, कोंबड्या खाली ठेवून गाडीभोवती जमले होते. आणि शेठ म्हणाला, गाडी पसंत आहे. तू पुढच्या सीटवर होता, आरशात मला तुझे डोळे दिसत होते. टेबलाच्या मागे बसलेल्या माणसाचे डोळे होते ते.

शेठ पुढे नुसतं एवढंच म्हणाला की आमचा डेपो नाल्यापलीकडे आहे, तुम्ही बघितला का कधी? बस. विचारपूस होती ती. मी उत्तर द्यायला नको होतं. पण गाडीभोवती तीनशे माणसं होती आणि मला सहा दिवसांत इतकी माणसं एकदम भेटली नव्हती. मी गाडीच्या उघड्या दारात पाय ठेवून उभा राहिलो आणि म्हणालो, "नाला? शेठ, तुमच्या जीपा नाला पाहून गिअर बदलतात. ही गाडी नाला पाहून हसते. विलायतेत हिले नदीत चालवून पाह्यल्याशिवाय जहाजावर चढवत नाईत."

लोक ओरडले. शेठ दात दाखवून म्हणाला, मग चला, दाखवा.

तू तेव्हा एक वाक्य बोलू शकला असता. की शेठ, हा गंमत करून राह्यला, ही रोडची गाडी आहे. दोन माणसं हसली असती, माझं नाक कापलं असतं, आणि संध्याकाळी मी एक नवी गोष्ट रचली असती. तू माझ्याकडे एकदा बघितलं. मग उतरला, बाजारातून तांदळाची दोन पोती आणली आणि डिक्कीत टाकली. मागे वजन पाहिजे. चार माणसांसमोर मला खोटं पाडायचं तुझ्या मनातही आलं नाही. मला ते तेव्हा कळलं नाही. मी त्या पोत्यांवरही बोलत होतो.

आता नाला. ज्यानं आपलं जंगल बघितलं नाही त्याला सांगायला पाहिजे की आपल्याकडे पाण्यात गाडी घालण्याआधी माणूस घालतात. एक जण पुढे चालतो, ड्रायव्हर त्याच्या पायावरून पाणी मोजतो. त्यातही एक रीत आहे. बैलगाड्यांनी नाल्याच्या तळात दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मधे उंचवटा राहिलेला असतो. पुढे चालणाऱ्यानं चाकोरीतून चालायचं, कारण चाक तिथून जाणार. मधून चालणं म्हणजे ड्रायव्हरशी दगा. हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. दुरुस्त केलेले लाकडाचे ट्रक तू जंगलात पोचवायला न्यायचा, तेव्हा त्यांच्यापुढे मी तुझ्यासाठी वीसेक नाले चाललो असेन, एकदाही चूक नाही.

तू खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "चाकोरीतून जा. पायाच्या नळीच्या अर्ध्यावर पाणी आलं का हात वर कर. मी तिथूनच माघारी घेतो. शेठले मी सांगतो काय सांगाचं ते." म्हणजे तुझी तयारी होती. माघारी घ्यायची, आणि नंतर खरं सांगायची. अजूनही गिऱ्हाईक जाणार नव्हतं.

मी पँट वर दुमडून पाण्यात उतरलो. दहा पावलं नीट चाललो, उजव्या चाकोरीतून. घोटा. घोट्याच्या वर. नळीच्या अर्ध्यावर आलं तेव्हा अजून अर्धा नाला बाकी होता. हात वर करायची वेळ झाली होती. आणि काठावरून कोणीतरी म्हणालं, "बुडाली विलायत." लोक हसले. शेठही हसला, मी वळून बघितलं तर दात दिसला. आणि वामन, मी हात वर केला नाही. मी एक पाऊल डावीकडे सरकलो आणि मधल्या उंचवट्यावर चढलो. पाणी एकदम घोट्याखाली. काठावरचे गप्प झाले. मी ऐटीत, नवरदेवासारखा, मधून चालत राहिलो आणि तुला हातानं बोलावत राहिलो, ये, ये, ये.

तू आला.

पुढची चाकं चाकोरीत उतरली, पोट उंचवट्यावर टेकलं, मागची चाकं लटकली. खालून काहीतरी फाटल्याचा आवाज आला, आणि मग मी ओरडायला लागलो, रेस देऊ नको. बाकी लोकांनी बघितलंच आहे. शेवटी शेठचे लाकूड ओढणारे रेडे आणले, दोन जोड्या. तुझी मागून ढकलणारी गाडी पुढून ओढून काढावी लागली. कोणत्याही दुसऱ्या दिवशी मी तुला या गोष्टीवरून आठ महिने छळलं असतं. तू ओल्या पँटीनं काठावर उकिडवा बसला होता आणि गाडीखालून गळणारं पेट्रोल बघत होता. शेठ जवळ आला, तुझ्या खांद्यावर हात ठेवला. चांगला माणूस आहे. मला म्हणाला, "मी कुठे बोललो नाल्यातून आना? तुमी बोलले. माझ्याकडे जीपा हायेत ना. मला तर हैदराबादला जायला पाहिजे होती."

तू ते ऐकलं. मान खाली होती, पण ऐकलं.

कंपनीच्या साहेबानं नंतर तुझ्या गॅरेजच्या, म्हणजे साळ्याच्या गॅरेजच्या, बाकावर बसून एक फॉर्म भरला. गाडीचं नुकसान कशामुळे? मी तिथंच होतो, तुझ्या उजव्या हाताला, एवढ्या अंतरावर. मी आयुष्यात इतका वेळ गप्प कधी बसलो नाही. तू म्हणाला, "चालवत मी होतो. माही चूक." साहेबानं लिहिलं, चालकाची चूक. तू सही केली, ती तुझी वेलांटीवाली सही, एजन्सीच्या कागदांसाठी तू महिनाभर घोटून बसवलेली. ती त्या एकाच कागदावर लागली.

मी बोललो असतो तर? फॉर्मवर दोन ओळी जास्त आल्या असत्या. कदाचित साहेबानं अजून आठ दिवस दिले असते, कदाचित नसते. पुढे दोनच वर्षांत त्या कंपनीनं ती गाडी आणणंच बंद केलं, तेव्हा मी मनाशी म्हटलं, बघ, एजन्सी तशीही बुडणारच होती. हे म्हणून मला दोन रात्री झोप लागली. तिसऱ्या रात्री कळलं, दोन वर्षं तर मिळाली असती. दोन वर्षं तू टेबलामागे बसला असता. शाळेचा कागद दरवर्षी भरतात.

साळ्यानं गॅरेज परत दिलं नाही. तू राजुऱ्याला कोळशाच्या ट्रकांखाली गेला. मी भेटायला यायचो तेव्हा मला आधी तुझ्या चपला दिसायच्या, मग पाय, मग तू सरकत बाहेर यायचा. डोळे तेवढे पांढरे. आपण टपरीवर जायचो. आणि लोक म्हणायचे, संपतभाऊ, ती गाडीची गोष्ट होऊन जाऊ द्या.

मी ती गोष्ट तुझ्यासमोर सांगायचो, यापेक्षा वाईट काही मी केलेलं नाही. फवारा, माकड, रेडे, सगळं. आणि गाडी का बसली, तर तांदळामुळे. हा येडा तांदळाची पोती टाकतो डिक्कीत, विलायती गाडीच्या डिक्कीत, मग बसणार नाही तर काय उडणार? लोक लोळायचे. दोन पोत्यांची पाच झाली, राजुऱ्यात सात झाली. मी पोती वाढवत गेलो, कारण तितका उंचवटा खाली दबत गेला. चार वर्षांत मला स्वतःलाच ती पोती दिसायला लागली होती.

तू काय करायचा? तू हसायचा. कोणी विचारलंच, खरं का हो वामनभाऊ, तर म्हणायचा, "हो बे. पोते जास्तच झाले." आणि मला सांगायचा, अजून थोडा विचार करून, की एकच पोतं टाकलं असतं तर मागची बाजू दोन बोटं वर राहिली असती. टपरीच्या टेबलावर सांडलेल्या चहात बोटानं गाडी काढून दाखवायचा. मी म्हणायचो, सोड ना आता. तू म्हणायचा, नाही, माझ्या हिशेबात कुठंतरी चुकलं. तापानं अंथरुणाला खिळला तेव्हाही, मी आलो त्या दुपारी, चादरीवर बोट फिरवून काहीतरी काढत होता. मी विचारलं नाही काय काढतो आहे.

मी धरून चाललो होतो की तुला सगळं माहीत आहे. तू वीस वर्षं ट्रकांत काढलेला, जंगलाचा, पुढच्या माणसाचे पाय बघून गाडी घालणारा. तुला मी सरकलेला दिसला नाही, हे होऊच शकत नाही. तुला दिसलं, तू गिळलं, फॉर्मवर सही केली, आणि पोत्यांचं खोटं मला वागवू दिलं, कारण मी दुसरं काही वागवू शकत नाही हे तुला ठाऊक होतं. बघ, किती सोयीचा वामन रचला होता मी. माझ्या सगळ्या गोष्टींत हा वामन सगळ्यांत मोठा. चार वर्षं मी त्याच्या माफीवर जगलो. कधी बोलून दाखवली नाही, त्यानंही नाही. मला वाटायचं, दोस्तीत असंच असतं, न बोलता.

काल तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्रिशरण झालं, पंचशील झालं, माणसं जेवून गेली. तुझ्या ट्रकवाल्यांपैकी दोघं भांडी उचलायला थांबले होते, तेही गेले. ऊन उतरलं होतं. वहिनी अंगणात सतरंजी झटकून घडी घालत होत्या. मी दुसरं टोक धरलं. मला बोलायला लोक लागतात, वामन, तिथं कोणी नव्हतं. तरी मी सांगितलं. नाला, चाकोरी, हात वर करायचा होता ते, एक पाऊल डावीकडे. पोत्यांचं मी चार वर्षं सांगत आलो ते खोटं, हेही सांगितलं. कुठंच वाढवलं नाही. वाढवण्यासारखं त्यात काही नव्हतं. वहिनी ऐकत राहिल्या, सतरंजीची कड कडेला जुळवत. मग मी विचारलं जे विचारायला आलो होतो.

"वहिनी, वामनले दिसलं होतं ना? मी मधातून चाललो ते?"

त्यांनी माझ्या हातातलं टोक घेतलं, घडी पूर्ण केली आणि ओसरीवर ठेवली.

"नाई," त्या म्हणाल्या. "ते म्हणत, संपत पुढं होता, मंग मी कायले खाली पाहू."